छोट्या डेकसाठी सिरॅमिक कोळसा-ग्रिल किती इंची घ्यावे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अमेरिकेत तुमचे टाऊनहाऊस, म्हणजे शेजारच्या घरांना भिंतीने जोडलेले घर, आहे, त्याच्या मागे जमिनीपासून एक मजला उंचीवर ८ फूट बाय १० फुटांचा लाकडी डेक, म्हणजे घराला जोडलेला उघडा सज्जा, आहे, घरात तुम्ही दोघे आणि दोन लहान मुले आहात, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दहा-बारा मंडळी जेवायला येतात, ज्यांतली निम्मी शाकाहारी असतात. दुकानात तुम्हाला १३ इंची, १८ इंची आणि २४ इंची व्यासाच्या जाळीची सिरॅमिक ग्रिल (भाजलेल्या मातीच्या जाड भिंतींची, वर झाकण असलेली गोल कोळसा-शेगडी) दाखवली, आणि डेक छोटा आहे म्हणून छोटेच घ्यावे, असा सल्ला मिळाला. तो बरोबर आहे का, असे तुम्ही विचारता, आणि एवढे वजन डेक पेलेल का, अशी भीतीही तुम्हाला वाटते.

घराबाहेरच्या स्वयंपाकाची साधने विकण्याचे आणि ती लोकांच्या घरी नेऊन बसवून देण्याचे काम मी इथे बरीच वर्षे करत आहे, आणि हा सल्ला मी जवळजवळ रोज ऐकतो. माझे मत त्याच्या उलट आहे. डेकच्या आकारावरून ग्रिलचा आकार ठरत नाही. डेकवरून फक्त एवढेच ठरते की तिथे कोळसा पेटवावा की नाही. त्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर १३ इंचीसुद्धा तिथे मोठेच आहे, आणि उत्तर ‘हो’ असेल तर १३ आणि १८ यांनी अडवलेल्या जागेत फरक इतका थोडा असतो की त्यासाठी निम्मी जाळी सोडून देण्यात अर्थ नाही. हे दोन प्रश्न एकत्र गुंतले की माणूस गोंधळतो, म्हणून मी ते वेगवेगळे घेतो.

आधी परवानगीचे पाहू, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी आणि शहरांनी आपले अग्निसुरक्षेचे नियम इंटरनॅशनल फायर कोड या आदर्श संहितेवरून, थोडेफार फेरफार करून घेतले आहेत. त्या संहितेत असे म्हटले आहे की कोळशाची आणि उघड्या ज्योतीची साधने जळाऊ बाल्कनीवर किंवा जळाऊ बांधकामापासून १० फुटांच्या आत वापरू नयेत. याला अपवाद आहेत. एका किंवा दोन कुटुंबांच्या स्वतंत्र घरांना हा नियम लागू होत नाही, आणि इमारत, बाल्कनी व डेक या सगळ्यांना आपोआप पाणी फवारणारी अग्निशमन यंत्रणा असेल तरीही सवलत मिळते. टाऊनहाऊस नेमके स्वतंत्र घर आणि अपार्टमेंट यांच्या मध्ये अडकते. काही गावांत ते स्वतंत्र घराप्रमाणे धरतात, काही गावांत अपार्टमेंटप्रमाणे. त्याखेरीज तुमच्या वसाहतीच्या हाउसिंग असोसिएशनची स्वतःची नियमावली असते, ती बहुधा सरकारी नियमापेक्षा कडक असते, आणि तुमच्या घराच्या विम्याच्या करारातही याविषयी कलम असू शकते.

आता तुमच्या डेकचे माप पुन्हा पाहा. तो भिंतीपासून कठड्यापर्यंत ८ फूट खोल आहे. १० फुटांचा नियम तुम्हाला लागू असेल तर अशा डेकवर कोणत्याही मापाचे कोळशाचे ग्रिल नियमात बसूच शकत नाही, कारण ते ठेवायला ती जागाच नाही, शिवाय डेक स्वतःच लाकडाचा आहे. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी तुमच्या शहराच्या किंवा काउंटीच्या फायर मार्शलच्या, म्हणजे अग्निसुरक्षा अधिकाऱ्याच्या, कार्यालयाला एक फोन करा, टाऊनहाऊस हा शब्द स्पष्टपणे सांगा, आणि असोसिएशनकडून उत्तर लेखी घ्या. शेजाऱ्यांच्या डेकवर ग्रिल दिसते म्हणून आपल्यालाही चालत असेल, असे गृहीत धरू नका. गॅस, वीज आणि कोळसा यांचे नियम निरनिराळे असतात, आणि शेजाऱ्याने परवानगी घेतलीच आहे असेही नाही.

समजा उत्तर नकारार्थी आले. तरीही तुमचा बेत संपत नाही, फक्त जागा बदलते. अनेक टाऊनहाऊसच्या खाली, तळमजल्याच्या दारासमोर, काँक्रीटचा किंवा फरशीचा छोटा चौथरा असतो, किंवा वसाहतीत सामाईक मोकळी जागा असते. तिथे इमारतीपासून पुरेसे अंतर मिळत असेल तर मात्र लहान ग्रिल हेच योग्य उत्तर ठरते, कारण ते चाकांच्या गाड्यावर ठेवून थंड झाल्यावर परत भिंतीजवळ आणता येते. १३ इंची ग्रिलचे वजन साधारण ७० ते ८० पौंड असते, म्हणजे दोन माणसांना ते उचलता येते. १८ इंचीच्या बाबतीत रोजची ने-आण हा विचारच सोडून द्यावा.

समजा उत्तर होकारार्थी आले. मग जागेचा हिशेब करू, आणि इथेच ‘छोट्या डेकवर छोटे ग्रिल’ ही समजूत टिकत नाही. सिरॅमिकच्या भिंती जाड असतात, त्यामुळे १३ इंची जाळीच्या ग्रिलचा बाहेरचा व्यास साधारण १७ इंच भरतो, १८ इंचीचा साधारण २१ आणि २४ इंचीचा साधारण २७. कंपनीगणिक इंच-दोन इंच इकडेतिकडे होतात. पण ग्रिल एकटे उभे राहत नाही, त्याच्याभोवती मोकळी जागा सोडावी लागते. कंपनीच्या पुस्तिकेत जे अंतर दिलेले असते ते पाळायचेच. नियम परवानगी देत असेल तिथे मी स्वतः कठड्यापासून किमान दीड फूट आणि घराच्या भिंतीपासून किमान ३ फूट सोडतो, आणि शक्य असेल तितके अधिक. चारी बाजूंना दीड फुटाचे वर्तुळ धरले तर १३ इंची ग्रिल ५३ इंच व्यासाची जागा अडवते आणि १८ इंची ५७ इंच व्यासाची. क्षेत्रफळात पाहिले तर अडवलेली जागा साधारण १६ टक्क्यांनी वाढते. उलट जाळीचे क्षेत्रफळ पाहा: १३ इंचीवर सुमारे १३३ चौरस इंच, १८ इंचीवर सुमारे २५४, म्हणजे जवळपास दुप्पट. गोल जाळीच्या व्यासाकडे पाहून आपली नजर फसते. १३ आणि १८ हे आकडे जवळचे वाटतात, पण त्यांवर मावणाऱ्या अन्नात मोठी तफावत असते.

छोट्या डेकवर जागा खरी कोण खाते ते सांगतो: बाजूच्या फळ्या आणि टेबल. १८ इंची ग्रिलच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या उघडल्या की रुंदी चार फुटांच्या आसपास जाते, आणि सिरॅमिक ग्रिल मध्ये बसवून केलेले देखणे लाकडी टेबल तर पाच-सहा फूट घेते. तुमच्या डेकवर टेबल नको. घडी होणाऱ्या फळ्या असलेला साधा चाकांचा लोखंडी सांगाडा घ्या, आणि मसाला लावलेले ताट ठेवायला घरातली एखादी घडीची तिपाई वापरा, जी नंतर आत जाते.

ठेवायचे कुठे, तेही पाहू. घरापासून दूरचा कोपरा निवडा. तिथे दोन्ही कठड्यांपासून दीड-दीड फूट सोडून १८ इंची ग्रिल ठेवले, तर ८ फुटांच्या खोलीत घराच्या भिंतीपर्यंत पावणेपाच फूट उरतात. भिंतीवर बाहेरून प्लॅस्टिकच्या, म्हणजे व्हाइनिलच्या, पट्ट्यांचे आवरण (सायडिंग) असेल तर हे अंतर फार मोलाचे आहे, कारण ते साधारण १६० ते १६५ अंश फॅरनहाइटला मऊ पडून वाकू लागते, आणि उघड्या झाकणातून येणारी झळ तेवढी सहज असते. डोक्यावर काय आहे तेही पाहा. वरच्या मजल्याचा डेक, छज्जा किंवा कापडी छत असेल तर ती जागा बाद. झाकण मागच्या बाजूला उघडते, म्हणून बिजागरीच्या मागे मोकळीक हवी, आणि तुम्ही उभे राहता तिथून घरात जायचे दार मोकळे राहिले पाहिजे. ग्रिल तुमच्या आणि दाराच्या मध्ये येता कामा नये.

वजनाची भीती तुम्ही व्यक्त केली आहे, तिचा हिशेब असा. बाजारातल्या एका प्रसिद्ध १८ इंची ग्रिलचे वजन १६२ पौंड आहे. सांगाडा, कोळसा आणि अन्न धरून आपण २२० पौंड समजू. अमेरिकेतल्या निवासी बांधकाम संहितेनुसार डेक दर चौरस फुटाला ४० पौंड भार पेलेल असा बांधायचा असतो. तुमचा डेक ८० चौरस फुटांचा आहे, म्हणजे हिशेबाने ३,२०० पौंड. दहा प्रौढ माणसे आणि ग्रिल मिळून दोन हजार पौंडांच्या आसपास होतात. त्यामुळे नीट बांधलेल्या आणि नीट राखलेल्या डेकला १८ इंची ग्रिल जड नाही.

परंतु ‘नीट राखलेल्या’ या शब्दांवर माझा सारा भर आहे. घराला लागून असलेला डेक ज्या आडव्या लाकडाने भिंतीला जोडलेला असतो, त्या लाकडाचा जोड सुटणे हे डेक कोसळण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. तुमच्या डेकखाली उभे राहा आणि वर बघा. ते लाकूड घराला जाड बोल्टांनी किंवा लांब जाड स्क्रूंनी जोडलेले आहे, की नुसत्या खिळ्यांनी? खांबांच्या पायाशी आणि भिंतीजवळच्या लाकडात स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. तो सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे. नुसते खिळे दिसले किंवा लाकूड मऊ लागले, तर ग्रिल राहू द्या, आधी डेक एखाद्या परवानाधारक कंत्राटदाराला दाखवा. त्या डेकवर तुमची मुले खेळतात, आणि ग्रिल आणा अथवा आणू नका, ती दुरुस्ती व्हायलाच हवी. डेक मजबूत असला तरी ग्रिलचे पाय शक्यतो खालच्या तुळयांच्या वर येतील असे ठेवा. कोपऱ्याजवळ खांब असतो, म्हणूनही कोपरा बरा.

डेकच्या फळ्यांचे संरक्षण हा वेगळा मुद्दा आहे. सिरॅमिक ग्रिलच्या तळाशी हवेची खिडकी असते, आणि ती उघडी असताना किंवा राख ओढताना तिच्यातून निखाऱ्याचा कण बाहेर पडू शकतो. लाकडाला त्याने डाग पडतो किंवा ते धुमसते, आणि लाकडाचा भुसा व प्लॅस्टिक मिसळून केलेल्या कंपोझिट फळ्या तर वितळतात. म्हणून खाली आगीला न जुमानणारी, ग्रिलसाठीच बनवलेली चटई किंवा काँक्रीटच्या पातळ फरश्या घाला, आणि त्या समोरच्या बाजूला किमान फूटभर पुढे येऊ द्या, कारण ठिणगी समोरच्या खिडकीतून पडते. लहान ग्रिल घेणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. १३ इंची ग्रिल अनेक जण घरातल्याच एखाद्या लाकडी टेबलावर ठेवतात. सिरॅमिकचा तळ लाकडावर थेट कधीही टेकवू नये. खाली फरशी आणि मध्ये हवेची फट हवीच.

इथपर्यंतचे सांगून झाले ते एवढेच: नियम, मजबुती आणि अंतर या तिन्हींत डेक उतरला तर १८ इंची त्यावर बसते, आणि तिन्हींपैकी एकातही नापास झाला तर १३ इंची घेऊन ती उणीव भरून निघत नाही. आता स्वयंपाकाकडे वळू, कारण माप खरे तिथे ठरते.

बहुतेक लोक पाहुण्यांची संख्या मोजून माप ठरवतात. मी गिऱ्हाइकांना विचारतो की तुम्ही एखाद्या बुधवारी संध्याकाळी काय कराल. चार जणांसाठी कोंबडीच्या आठ तंगड्या, दोन मक्याची कणसे, थोडे पनीर आणि सिमला मिरची. हे १३ इंचीवर होते, पण दाटीवाटीने होते, आणि दाटी झाली की निखाऱ्यांच्या थेट वरची जागा आणि निखाऱ्यांपासून दूरची जागा असा भेद करता येत नाही. हा भेद कोळशावरच्या स्वयंपाकाचा प्राण आहे. दही लावलेली कोंबडी आधी बाजूला मंद शिजवायची आणि शेवटी निखाऱ्यावर सरकवून तिला रंग आणायचा, तर सरकवायला जागा लागते. १८ इंची जाळीखाली अर्ध्या भागात निखारे आणि अर्धा भाग मोकळा, किंवा अर्ध्या भागात उष्णता अडवणारी सिरॅमिकची पाटी, अशी मांडणी नीट जमते. १३ इंचीत ती नावापुरती होते, कारण निखारे आणि जाळी यांतले अंतरही कमी असते आणि कडेची जागाही कमी असते.

आपल्या स्वयंपाकाच्या आणखी दोन गोष्टी दुकानातला माणूस सांगत नाही. पहिली सळयांची. तंदुरी पदार्थांसाठी आपण ज्या लांब लोखंडी सळया घेतो त्या बहुधा १५ ते १७ इंचांच्या असतात. १३ इंची ग्रिलमध्ये त्या मावत नाहीत, बाहेर राहतात, आणि झाकण बंद होत नाही. झाकण बंद झाले नाही तर सिरॅमिक ग्रिलचा उपयोगच संपला. या ग्रिलचे सारे काम बंद झाकणाखाली, वरची आणि खालची हवेची खिडकी किंचित उघडी-मिटी करून चालते. दुसरी गोष्ट नानची. भिंतीला नान चिकटवण्याचा प्रयत्न इथे करू नका. गोल पिझ्झा-दगड ५०० ते ६०० अंश फॅरनहाइटपर्यंत तापवून त्यावर नान टाकला तर उत्तम फुगतो, आणि १८ इंचीत १४-१५ इंचांचा दगड बसतो, ज्यावर एका वेळी दोन नान निघतात. वांग्याच्या भरितासाठी मात्र मापाचा प्रश्नच नाही. अमेरिकेतले मोठे काळे वांगे थेट निखाऱ्यांच्या वर ठेवून फिरवत राहायचे, ते कोणत्याही ग्रिलमध्ये तितकेच छान होते.

मग महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येणाऱ्या दहा-बारा जणांचे काय? इथे सिरॅमिकचा गुण उपयोगी पडतो. जपानमधल्या मातीच्या भात शिजवण्याच्या चुलीपासून ही ग्रिल घडत गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे असलेल्या अमेरिकी सैनिकांनी त्या चुली घरी आणल्या, आणि १९७४ मध्ये अटलांटात सुरू झालेल्या बिग ग्रीन एग या कंपनीने पुढे त्यांना आजचे टिकाऊ सिरॅमिक रूप दिले. या जाड भिंती एकदा तापल्या की उष्णता धरून ठेवतात, त्यामुळे पहिला घाणा काढून दुसरा टाकला तरी तापमान लगेच पूर्ववत होते. १८ इंचीवर एका वेळी सुमारे १२ बर्गर किंवा अठरा-वीस तंगड्या मावतात, आणि दुमजली जाळी घेतली तर त्याहून जास्त. दोन घाण्यांत बारा जणांचे जेवण निघते. पहिला घाणा ओव्हनमध्ये २०० अंश फॅरनहाइटवर झाकून ठेवायचा आणि दुसरा थेट ताटात. थँक्सगिव्हिंगचे टर्कीही १८ इंचीत सहज बसते. ज्याला रात्रभर मंद आचेवर मांस शिजवायचे आहे त्यालाही यात एकदा भरलेला कोळसा सकाळपर्यंत पुरतो, जे लहान ग्रिलच्या छोट्या कोळसापात्रात होत नाही.

इथे एक रास्त शंका येईल. जागेचा माझाच हिशेब पुढे नेला तर २४ इंचीने अडवलेली जागाही १८ इंचीच्या मानाने सव्वापटीपेक्षा कमीच वाढते आणि जाळी मात्र पावणेदोन पट होते. मग तेच का घेऊ नये? तुमच्यासाठी मी नको म्हणतो, ते तीन कारणांनी. ते ग्रिल एकटेच २०० पौंडांच्या वर जाते आणि सांगाडा धरून ३०० पौंडांच्या जवळ पोचते. एक मजला जिना चढवताना आणि पुढे कधी घर बदलताना ते फार कठीण जाते. दुसरे, एवढे सिरॅमिक तापायला जास्त वेळ आणि जास्त कोळसा लागतो, आणि चौघांच्या बुधवारच्या जेवणासाठी तेवढी वाट पाहावी लागली की माणूस ग्रिल पेटवणेच सोडतो. वर्षातून आठ वेळा येणाऱ्या पाहुण्यांसाठी घेतलेले मोठे ग्रिल उरलेले वर्षभर आवरणाखाली पडून राहिलेले मी अनेक घरांत पाहिले आहे. तिसरे कारण छोट्या डेकचेच आहे: मोठे झाकण उघडताना बाहेर येणारी झळही मोठी असते, आणि ८ फुटांत मागे सरकायला जागा नसते. तुमच्याकडे मोठे अंगण असते आणि दर आठवड्याला वीस माणसे जेवत असती, तर माझे उत्तर बदलले असते.

काही कंपन्या १५ इंची मधले मापही काढतात. ज्यांच्या घरी दोन-तीनच माणसे आहेत आणि जिना अरुंद आहे, त्यांना ते शोभते. पण त्याची जाळी सुमारे १७७ चौरस इंचांची, आणि त्याच्यासाठी अर्ध्या जाळ्या, दगड, पाट्या असे सुटे सामान कमी मिळते. १८ इंचीचे सामान सर्वत्र मिळते, आणि एका कंपनीचे अनेकदा दुसऱ्या कंपनीच्या ग्रिलमध्येही बसते.

शाकाहारी पाहुण्यांविषयी मला थोडे सविस्तर सांगायचे आहे, कारण हा प्रश्न आपल्या घरांत नाजूक असतो आणि ग्रिलच्या मापाशी त्याचा थेट संबंध आहे. १८ इंचीसाठी अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन जाळ्या मिळतात. त्यांतली एक कायमची शाकाहारी ठेवावी, ती वेगळी धुवावी, तिच्यासाठी चिमटा आणि ब्रशही वेगळा ठेवावा. ज्यांना एवढे पुरते त्यांच्यासाठी ही व्यवस्था चांगली आहे. पण झाकणाखाली धूर एकच असतो, आणि मांसातून टपकलेली चरबी जळून तिचा वास पनीरलाही लागतो. ज्यांना हे चालत नाही, त्यांना अर्धी जाळी दाखवून समजूत घालणे मला योग्य वाटत नाही. अशा वेळी स्वच्छ केलेल्या ग्रिलवर आधी सारे शाकाहारी करावे, ते वाढावे, आणि मग मांसाहारी टाकावे. ग्रिल स्वच्छ करण्याची रीत म्हणजे ते ६०० अंशांच्या आसपास थोडा वेळ तापवून चिकटलेले जाळून टाकणे आणि जाळी घासणे. आणि ज्या घरात याबाबतीत काटेकोर असणारे आई-वडील किंवा सासू-सासरे राहतात, तिथे पुढे कधीतरी १३ इंची ग्रिल दुसरे म्हणून, फक्त शाकाहारासाठी घ्यावे. माझ्या मते छोट्या ग्रिलचा हा सर्वांत चांगला उपयोग आहे.

तुमच्या घरात लहान मुले आहेत म्हणून एक गोष्ट मापापेक्षाही महत्त्वाची आहे. सिरॅमिक ग्रिल लवकर निवत नाही. स्वयंपाक संपल्यावर दोन्ही खिडक्या बंद केल्या की आग गुदमरून विझते आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो, ही त्याची खुबी आहे. पण भिंती पुढे कित्येक तास गरम राहतात. वरून ते शांत दिसते, ज्योत नसते, धूर नसतो, आणि मूल हात लावते. डेकवर येण्याच्या दाराला मुलांना उघडता येणार नाही अशी कडी लावा आणि त्या संध्याकाळी डेक मुलांसाठी बंद ठेवा. पाहुण्यांनाही आतच बसवा. ८ बाय १० च्या डेकवर तापलेले ग्रिल आणि ते चालवणारा माणूस एवढेच असावेत, फार तर मदतीला आणखी एक जण. पाऊस किंवा थंडी आहे म्हणून ग्रिल गॅरेजमध्ये किंवा जाळी लावलेल्या पडवीत ओढून नेऊ नका. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि त्याने माणसे मरतात.

बाकीचे नियम सगळ्या मापांना सारखेच आहेत. कोळसा ठोकळ्यांचा न घेता लाकडाचा, ओबडधोबड तुकड्यांचा घ्या, कारण त्याची राख कमी पडते. पेटवण्यासाठी रॉकेलसारखे द्रव वापरू नका. सच्छिद्र सिरॅमिकमध्ये त्याचा वास बसतो. तापलेल्या ग्रिलचे झाकण आधी दोन इंच उचलून क्षणभर थांबा आणि मगच पूर्ण उघडा, नाहीतर एकदम आत शिरलेल्या हवेने भडका उठतो आणि तो तोंडावर येतो. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढा, तो डबा डेकवर ठेवू नका, आणि कचऱ्यात टाकण्यापूर्वी दोन दिवस तरी जाऊ द्या. सुरुवातीच्या काही वेळा ३५० अंशांच्या वर जाऊ नका, म्हणजे झाकणाच्या कडेची पट्टी नीट बसते.

तेव्हा फायर मार्शल आणि असोसिएशन यांनी परवानगी दिली, डेकचा भिंतीशी असलेला जोड पक्का निघाला, तर १८ इंची ग्रिल, घडीच्या फळ्या, चाकांचा साधा सांगाडा आणि दोन अर्ध्या जाळ्या घ्या. परवानगी मिळाली नाही आणि खाली चौथरा आहे, तर १३ इंची. पैसे देण्यापूर्वी जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा २१ इंचांचा गोल कापून तो कोपऱ्यात ठेवा, त्याच्याभोवती दीड फुटावर खडूने रेघ मारा, आणि रेघेबाहेर उभे राहून दार उघडा, ताट आत-बाहेर न्या. हे सगळे अडखळल्याशिवाय झाले पाहिजे.

शेवटचे, पोचवण्याविषयी दुकानाला स्पष्ट विचारा. अनेक ठिकाणी ‘घरपोच’ म्हणजे गाडीपासून फुटपाथपर्यंतच असते, आणि तुमचा डेक एक मजला वर आहे. स्वतःच चढवायचे झाले तर आतले कोळसापात्र, त्यावरचे सिरॅमिकचे कडे, जाळी आणि पाटी आधी काढून वेगळी न्या, त्याने वजन बरेच उतरते. मग रिकामे भांडे दोन धडधाकट माणसांनी उचलावे, एकाचा हात तळाच्या खिडकीत आणि दुसऱ्याचा मागून बुडाखाली. झाकणाच्या मुठीला किंवा बाजूच्या फळ्यांना धरून ते कधीही उचलू नये. वर पोचल्यावर सांगाड्यावर बसवून झाले की ते ढकलू नका, ओढा. फळ्यांच्या उंचसखलपणात चाक अडकले की ढकललेले ग्रिल पुढे कलंडते, आणि पडलेले सिरॅमिक फुटते. चाकांच्या कड्या लावल्यावरच त्यात पहिला कोळसा भरा.